पुळणीवरचं लडाख

आनंदीने सोलं वाळत घालण्यासाठी पहाटे सारवून ठेवलेल्या खळ्यात, ऊन येईपर्यंत हिमालय पसरला होता. नकाशा वर्गातला, कडा झिजलेला. शाळेने नवा आणल्यावर जुना मास्तरांनी मागून घेतला होता. चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवलेले, आणि मध्ये काश्मीरच्या अंगाला गुडघे टेकून गुरुदासमास्तर ओणवे झालेले. बोट एका जागी रोवलेलं, ओठ हलत असलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पूजाच चाललीय.

"अवो, वायच सरकशात?" कोकमाच्या सालींनी भरलेलं सूप कमरेवर घेऊन त्यांची बायको आनंदी उभी राहिली. "माझी सोलां खंय घालू?"

"थांब गो. झोजिलाची खिंड ओलांडतंय."

"ओलांडा, पण बेगीन ओलांडा. ऊन ओलांडान गेलां तर सोलांक बुरशी येतली."

मास्तरांचं ओलांडून होईना. आनंदीने मग पंजाबवर सोलं पसरली, राजपुतान्यावर पसरली आणि उरलेली बंगालच्या उपसागरात सारून ती आत गेली. त्या नकाशावर सोलांचे जांभळे डाग पडले ते पडलेच.

साठ साल होतं. त्या वर्षी मास्तर निवृत्त झाले होते. सगळी हयात त्यांनी भूगोल शिकवला. दर वर्षी वेताची छडी नकाशाच्या डोक्यावरच्या एका तपकिरी ठिपक्यावर टेकायची आणि म्हणायचं, "हे लडाख. उंचावरचं थंड वाळवंट. पाऊस नाही, झाड नाही, हवा विरळ." मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि ती मुंबईला गिरण्यांत गेली. मास्तर मात्र आंबोलीच्या घाटाहून उंच कधी चढले नव्हते. एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं होतं, "सर, तुमी बगलास?" तेवढंच. पण बांगड्याचा काटा घशात अडकावा तसा तो प्रश्न मास्तरांच्या गळ्यात अडकला. भाताचे किती गोळे गिळले तरी खाली जाईना. डोळे आणि गुडघे शाबूत आहेत तोवर त्या ठिपक्यावर एकदा पाय ठेवायचा, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. नाहीतर आपण आयुष्यभर ऐकीव गजाली सांगितल्या, असं म्हणून डोळे मिटायचे.

म्हणून तर बेळगावच्या लष्करी लिलावातून ती जीप आली. हिरवी, पोचे आलेली, म्हाताऱ्या बैलासारखी चारी पाय ताठ करून फणसाखाली उभी. आली त्या दिवशी कोंबड्या तिच्यात शिरल्या आणि संध्याकाळी अंडं घालूनच बाहेर पडल्या. आनंदीने ते अंडं उचललं, जीपकडे बघितलं आणि म्हणाली, "कामाची आसा म्हणायची."

लडाखात जीप जाण्याजोगी वाट होतेय, असं वर्तमानपत्रात आलं होतं. वाट म्हणजे रस्ता नव्हे. दगड, वाळू, ओढे, त्यातून चाकं ज्या बाजूला जातील ती वाट. एकट्याने जाणं शहाणपणाचं नव्हतं. सोबतीला मास्तरांनी होडी हाकणारा सहदेव तांडेल निवडला. दोघे एका वर्गातले. मास्तर पुढच्या वर्गांत गेले आणि सहदेव दुसरीतून थेट होडीत चढला, पण दोस्ती तुटली नाही. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली की सहदेव मोकळा असे. आणि जो माणूस काळ्या अंधारात, काळ्या पाण्यावर कधी वाट चुकला नाही, तो उजेडात, उघड्या वाळवंटात कसा चुकेल, असा मास्तरांचा हिशोब होता.

सहदेव खळ्यात आला, हिमालयाच्या कडेला उकिडवा बसला आणि एक सोल उचलून चोखू लागला.

"माका एकदा नीट समजाव. थंय पुळण आसा?"

"आसा. मैलोगणती पुळण."

"पण दर्यो नाय."

"नाय."

"मगे पुळण इली खंयसून?"

मास्तरांनी खडक सांगितले, वारा सांगितला, झीज सांगितली. सहदेवाने सगळं भजन ऐकावं तसं मान हलवत ऐकलं. शेवटी मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, की फार फार पूर्वी तिथे समुद्र होता खरा.

"बग!" सहदेवाने मांडीवर थाप मारली. "होतो मा? मगे तसा सांग ना! दर्यो खंय जावक नाय, नुसती ओहोटी लागली हा."

"अरे, कोट्यवधी वर्षं झाली त्याला."

"मोठी ओहोटी. मोठ्या ओहोटीची भरती पण मोठी येतली. आपण नांगर घेवया."

"वाळवंटात नांगर?"

"मास्तर, मी दर्यात कधी नांगराशिवाय गेलेलो नाय, आणि दर्यो नसलेल्या पुळणीर पण जावचंय नाय. कोण सांगूचो, आपण थंय आसताना भरती इली तर?"

मास्तरांना हे खोडून काढायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. सहदेवाचं बोलणं गोल घागरीसारखं होतं, धरायला कुठे कान नव्हता. ते पुढे सरकले. "तिथे हवा विरळ असते. पातळ."

"पातळ? पेजेसारी?"

"तशीच समज. माणसाक दम लागता, इंजिनाक पण लागता."

"मगे हंयची दाट हवा भरून न्हेवया. दोन ट्यूब फुगवन गाडीच्या फाटी बांधायच्यो. दम लागलो काय वायच सोडायची, नाकाक लावायची."

मास्तरांनी कोपऱ्यावरचा नारळ उगाच सरकवला. कारण उंच शिखरांवर जाणारे लोक नळकांड्यांतून हवा नेतात, हे त्यांनीच वर्गात सांगितलं होतं. सहदेव चूक आहे हे नक्की, पण किती चूक आहे हे ठरवता येईना. आणि सगळा गोंधळ नेमका तिथेच होता.

"बरां," सहदेव उठता उठता म्हणाला. "थंय मासळी आसा?"

"तळ्यात असेल. थंडीत पाणी वरून गोठतं, मासे बर्फाखाली."

"मगे रापण घालूची कशी?"

"रापण घालूक जाणा नाय रे आमी!"

"मगे जातंव कित्याक?"

"बघूक."

"काय बघूक?"

मास्तरांनी त्या तपकिरी ठिपक्याकडे बघितलं. तिथे गाव नव्हतं, झाड नव्हतं, नदीची निळी रेघही तुटक होती. "काय नाय, ता बघूक," ते हळूच म्हणाले.

सहदेवाने चोखलेलं सोल थुंकलं. मग म्हणाला, "दर्यात पण मध्यावर गेल्यार काय नसता. बरां वाटता." आणि निघून गेला. आत चुलीपाशी आनंदीचा हात पेजेच्या पातेल्यात थांबला होता. मास्तरांना वाटलं, रागावली.

गावात गजाल फिरायला वेळ लागत नाही. तिसऱ्या प्रहरी गंगू आली. डोक्यावर माशांची टोपली घेऊन गाव पालथं घालणारी ही बाई. तिची टोपली रिकामी झाली तरी तोंड रिकामं होत नसे. तिने सुक्या बांगड्यांची एक जुडी जीपच्या पुढच्या आसनावर ठेवली.

"मास्तरानू, थंय खावक काय गावता?"

"सातूचं पीठ. याकचं दूध."

"याक म्हंजे?"

"म्हशीसारखं असतं. अंगभर केस."

"शिरा पडो! केसाळ म्हशीचा दूध पिवन तुमका केस येतले."

"येवंदेत," आनंदी आतून म्हणाली. "टकलार इले तर बरांच."

असं करत करत जीप भरत गेली. कोणी धनगराकडून कांबळ आणलं, कोणी कुळथाचं पीठ आणलं. एकाने पावसात नांगरणीला डोक्यावर घेतात ते पानांचं इरलं आणून दिलं, कारण बर्फ वरूनच पडतो असं त्याने ऐकलं होतं. सहदेवाने होडीचं जुनं शीड गुंडाळून ठेवलं, नांगर ठेवला, मागे दोन फुगवलेल्या ट्यूबा बांधल्या. आनंदी प्रत्येक वस्तू उचलून बघे, पुसून परत ठेवी. मधूनच विचारी, "थंय बायल माणसां काय करतत ओ?"

"पुस्तकात नाही," मास्तर म्हणत.

"मगे पुस्तकात काय आसा?"

"पर्जन्यमान."

ती पुढची वस्तू पुसायला घेई. मास्तर अधिकच गोंधळत.

आता प्रश्न उरला सरावाचा. मास्तरांना जीप फणसापासून पाणंदीपर्यंत आणि पाणंदीपासून परत फणसापर्यंत नेता येत होती, तीही कोंबड्या बाजूला झाल्या तर. वाळूत चालवायची विद्या वेगळी. सहदेव म्हणाला, "पुळण दारात आसताना शिकूक लडाखाक कित्याक जावक व्हयां?" हे मात्र मास्तरांना सोळा आणे पटलं.

ठरल्या दिवशी ओहोटीला जीप किनाऱ्यावर आली. माडांखाली गाव जमलं. पलीकडे रापणकारांनी जाळं ओढून काढलं होतं. रापण म्हणजे दर्यात अर्धगोल सोडलेलं मैलभर जाळं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. त्या दिवशी जाळ्यात आलं होतं शेवाळ, तुटकी वहाण आणि मोदकं म्हणतात ती ओंजळभर बारकी मासळी. रापणकारांचा म्होरक्या आबा चिडूनच आला होता. पण शुभकामाआधी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. नारळ हातात घेऊन तो जीपसमोर उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

"आयज ह्यो आमचो गुरुदासमास्तर, तेणां ही लोखंडाची होडी हाडलेली आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"ती घेवन तो हिमालयाच्या फाटी, जंय पुळण आसा पण दर्यो नाय, अशा येड्या मुलखात जावक निघालो…"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत काय वाकडा-नाकडा आसात, इडापिडा आसात, ती सातासमुद्रापलीकडे धाडून दी, आणि तेका वायच बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यांत मोठा होता. आनंदी माडाखाली नव्हती, घरी सोलं परतत होती. पण तिलाही तो तिथवर ऐकू गेला असणार.

"कोरड्या रेतीत चाकां रुततली," सहदेव शेजारी बसत म्हणाला. "पाण्याच्या कडेन चलव. ओली रेती घट आसता."

आणि खरंच होतं ते. ओल्या वाळूवर जीप अशी धावली की जणू पाट सारवलेल्या जमिनीवरून सरकतोय. डाव्या हाताला पांढरी फेसाची किनार, उजव्या हाताला माडांची हिरवी, आणि मध्ये न संपणारी ती सपाट, चमकती, मोकळी वाट. कुर्ल्या भराभर बिळांत शिरत होत्या. वारा टकलावरून फिरत होता. मास्तरांनी क्षणभर डोळे बारीक केले, तर माड दिसेनासे झाले, दर्या दिसेनासा झाला, उरली फक्त वाळू आणि आभाळ. जन्मभर छडी ज्या ठिपक्यावर टेकली, तो असाच असेल, असं त्यांना वाटलं. गळ्यातला काटा थोडा सैल झाला.

तेवढ्यात समोर व्हाळाचं मुख आलं. गावातला ओढा जिथे दर्याला मिळतो तिथली वाळू वरून घट्ट दिसते, आत पीठ असते. मास्तरांनी जीप वळवली ती वळलीच नाही. चारी चाकं आत गेली, इंजिनाने एक उसासा टाकला आणि गप्प झालं.

"आता?" मास्तर म्हणाले.

"आता काय?" सहदेवाने बिडी काढली. "होडी रेतीत बसता तेव्हा आमी काय करतंव? बिडी पेटयतंव. भरती येवची आसा. पाणी वर चढला काय आपोआप उठतली."

"उठेल?"

"आजपर्यंत कुठची उठूक नाय? थांब, व्हावान जावक नको." असं म्हणून सहदेव उतरला, मागे गेला आणि नांगराची दोरी जीपच्या मागच्या कडीला बांधून त्याने नांगर वाळूत खोल रोवला. मास्तरांना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण दर्याच्या कामात तांडेलाला शिकवायचं म्हणजे भटाला संध्या शिकवण्यातला प्रकार.

दोघे बसून राहिले. पाणी चाकांना लागलं. मग तळाला लागलं. मग पायांवर आलं.

"सहदेवा, ही उठायची कधी?"

"भरलेली आसा ना. भरलेल्या होडयेक उशीर लागता."

पाणी गुडघ्यांवर आलं. सुके बांगडे आसनावरून तरंगत निघाले. कधी काळी पोहत आले होते तसेच परत चालले.

"अरे, पण ही लोखंडाची आहे!"

"मुंबयची आगबोट कसली आसा? लाकडाची?"

मास्तरांना आर्किमिडीज पाठ होता. वस्तू किती पाणी बाजूला सारते, बोट का तरंगते, खिळा का बुडतो, हे त्यांनी भूगोलाच्या मास्तरांचं काम नसतानाही कित्येकदा फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण कमरेपर्यंत पाणी आल्यावर आर्किमिडीजही पळाला. आगबोट तरंगते आणि जीप तरंगत नाही, याचं कारण काही केल्या आठवेना.

तेवढ्यात जीप मागून हलली. हवेच्या त्या दोन ट्यूबांनी मागची बाजू टाचेभर उचलली होती.

"उठली!" सहदेव ओरडला. "बग, सांगलंय मा?"

मागची बाजू उठली तसं पुढचं नाक खाली गेलं, आणि एक लाट काचेवरून मास्तरांच्या अंगावर आली. तिच्याबरोबर एक छोटी कुर्ली आली आणि धोतराच्या सोग्यात बसली. सहदेवाच्या तोंडातली बिडी विझली. जन्मात पहिल्यांदा त्याचा चेहरा दुसरीतल्या मुलासारखा झाला.

"मास्तर, तू सुकाणू सोडू नको. मी माणसां हाडतंय," म्हणून तो पाण्यात उतरला आणि छातीने लाटा कापत किनाऱ्याला गेला. मास्तरांनी चाक दोन्ही हातांनी धरलं. ते का धरायचं हे त्यांना कळत नव्हतं, पण सांगणारा तांडेल होता.

रापणकार तयारच होते. रिकामा दिवस कोणालाच सोसत नाही. रापणीचा जाड दोर आला, जीपच्या नाकाला बांधला गेला. दहाबारा माणसांनी टाच रोवली. जीप हलली नाही. आणखी आली. जीप हलली नाही. "मास्तर बुडालो!" अशी बोंब गावात गेली, मग देवळातला गुरव आला, चहावाला आला, एस्टीची वाट बघणारा कुडाळचा एक पाहुणाही आला. बायका आल्या. सगळ्यांत शेवटी आनंदी धावत आली, कोपरापर्यंत हात सोलांनी जांभळे. तिने ना आरडाओरडा केला ना कोणाला काही विचारलं. पदर खोचला आणि गंगूच्या मागे दोराला हात घातला. गंगूने ओढीच्या तालावर गळा काढला:

"दर्यात गावलो गो, चार चाकांचो मासो,
मास्तर पोटात बसान बगता गो आकासो!"

"हो रे हो!" सगळा दोर म्हणाला. दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ झाला, गुणगुणू लागला, पण मासा काही येईना.

"इतको जड?" आबा म्हणाला. त्याने कपाळावर हात धरून नीट पाहिलं. "सहदेवा, नांगर उचललंस मा?"

दोर सैल पडला. सहदेवाने एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा वाळूकडे, आणि पाण्यात शिरून बुडी मारली.

नांगर सुटला तशी जीप अशी सुसाट आली की ओढणारे सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. गुरव पाहुण्यावर, चहावाला एका रापणकारावर, आणि गंगू तर बसकण मारूनही शिव्या देत राहिली. त्यांच्या मधोमध जीप थांबली. चारी बाजूंनी पाणी गळत होतं. आत मास्तर, चाक धरून, खांद्यावर शेवाळाची शाल.

"उतर आता," आबा म्हणाला. "वाटे घालूचे आसत."

मास्तर हसले. त्यांना थट्टा वाटली. पण दुसरं कोणी हसलं नाही.

"कसले वाटे आबा?"

"मासळीचे. दोराक हात लावलो तेका वाटो. माझ्या आज्याच्या आज्यापासून ह्यो नेम आसा. राजा असो, वाटसरू असो."

"पण ही माझी गाडी आहे!"

"होती. दर्यात गेलां ता दर्याचा. दर्यान दिलां ता दोराचा."

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. ओले, दमलेले, सोलवटलेल्या तळव्यांवर फुंकर मारणारे सगळे चेहरे शांत होते. थट्टा नव्हती ही. याच दोराच्या नेमावर हा किनारा जेवत आला होता. वाटेने जाणारी आंधळी म्हातारीही दोराला बोट लावून संध्याकाळचं कालवण घेऊन जाई, आणि तिला कोणी विचारत नसे. मास्तरांनी स्वतः तो नेम परगावच्या पाहुण्यांना अभिमानाने सांगितला होता.

"बरां," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मगे माझो पण एक वाटो."

"तू दोराक हात खंय लावलंस?"

"मी आत होतंय! सुकाणू धरून!"

"ताच सांगतंय. दोरार आसता तो रापणकार. आत आसता ती मासळी. मासळीक वाटो नसता."

"खरां म्हणशात तर," गंगू साडी पिळत म्हणाली, "मास्तराचे पण वाटे घालूक व्हये."

"तो कोण घेतलो?" आनंदी म्हणाली. मग मात्र पुळण हसली.

इंजिनात पाणी गेलं होतं. आबाने त्यावर तोड सांगितली, की दोन दिवस कडक उन्हात सुकत घालावं, बांगड्यासारखं. नंतर प्रश्न आला वाट्यांचा. मासा कापता येतो, जीप कशी कापणार? मग प्रत्येकाने आपल्या वाट्याचं काय करायचं ते बोलायला सुरुवात केली. गंगूला टोपल्या घेऊन कुडाळच्या बाजाराला जायचं होतं. एस्टीत वासावरून तिची दर आठवड्याला भांडणं होत. गुरवाला जत्रेत देवाची पालखी जीपवरून न्यायची होती. चहावाल्याला लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायची होती. कुडाळच्या पाहुण्याला फक्त घरी जायचं होतं.

मास्तर वाळूत बसले. डोळ्यांसमोर तो तपकिरी ठिपका ओहोटीच्या पाण्यासारखा मागे मागे जात होता. आधी धूसर झाला, मग दिसेना. हरकत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पर्जन्यमान तर माहीत आहे. पण गळ्यातला काटा पुन्हा होता तिथे येऊन बसला, आणि या वेळी जास्तच खोल.

"अजून कोणाचा काय ऱ्हवलां?" आबाने विचारलं.

"माझा," आनंदी म्हणाली.

सगळे वळले. मास्तरीणबाई चारचौघांत कधी काही मागत नसत. ती पदराने हात पुसत पुढे आली. जांभळ्या तळव्यांवर दोराचे लाल वळ उठले होते.

"माझो वाटो लडाखाक जातलो."

पुळणीवर कोणाला काही कळेना. आबाने कान पुढे केला. "खंय?"

"लडाखाक. हिमालयाच्या फाटी."

"अगो, पण एक वाटो जातलो कसो? गाडी एक, वाटे पन्नास."

"ता माका म्हायत नाय. वाटो माझो मा? वाटेकऱ्यान आपलो वाटो खंय न्हेवचो, खावचो काय मांजराक घालूचो, ह्या आजपर्यंत कोणाक इचारूक लागलां?"

आबा विचारात पडला. नेम सरळ होता. वाट्यावर दुसऱ्याची सत्ता नाही. आणि हा वाटा गाडीतून सुटा होत नसल्यामुळे, तो जाईल तिथे बाकीच्यांनाही जावंच लागणार होतं.

"तसा आसात," आबा शेवटी म्हणाला, "तर गाडी आधी लडाखाक जावक व्हयी. मगे बाजार नि पालखी."

"माझो वाटो न्हे गो बाय," गंगू म्हणाली. "पण चवथीच्या आधी परत हाड. गणपतीत मासळी नसता, तेव्हा माका गाडयेचा काम नाय, पण सणाच्या आदल्या बाजाराक व्हयी."

"आणि वाटेत कोणाक इकू नको," चहावाला म्हणाला.

"मी येतंय," सहदेव पुढे सरसावला. "माझो पण वाटो आसा. नांगर मात्र…" त्याने सगळ्यांचे चेहरे बघितले. "नांगर हंयच ठेवतंय."

"पण चलयतलो कोण?" पाहुण्याने विचारलं. जीप चालवू शकणारा माणूस पुळणीवर एकच होता, आणि तो अंगावर शेवाळ घेऊन वाळूत बसला होता.

"तेंका इचारा," आनंदी म्हणाली. तिने मास्तरांकडे बघितलंही नाही. विस्कटलेल्या केसांतली वाळू झाडत राहिली. "तेंचो वाटो नाय. जबरदस्ती करूची नाय. येवक व्हयां वाटलां तर येतले."

आबा मास्तरांच्या समोर उकिडवा बसला. सगळं गाव वाकून बघू लागलं. "गुरुदासा, वाटेकरी इचारतत. गाडी घेवन तेंच्या वांगडाक जातंस?"

मास्तरांनी मान वर केली. गावावरून त्यांची नजर दर्यावर गेली, दर्यावरून आनंदीच्या पाठीकडे आली. कानांत पाणी होतं, डोक्यात लाटा होत्या. सकाळपासून कोण कुणाचं, गाडी कोणाची, मासळी कोण, कशाचाच त्यांना पत्ता लागत नव्हता.

"खंय?" त्यांनी विचारलं.